व्यसनी माणसाला उचलून नेऊन कोंडता येतं का?

गाडी रात्री साडेअकराला आली. पांढरी व्हॅन, नंबर प्लेटवर चिखल. चौघं उतरले. आत्तीनं दार नुसतं लोटून ठेवलं होतं, तसं तिला फोनवर आधीच सांगून ठेवलेलं. माझा आतेभाऊ, ज्याला आम्ही सगळेच दादा म्हणतो, पलंगावर बनियनवर झोपला होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करायचा. हात असा की अवघड जॉब आला की मालक म्हणायचा, राहू दे, तो शुद्धीत येईल तेव्हा करेल. दोघांनी त्याचे हात धरले, दोघांनी पाय. ‘आई, हे कोण हाईत?’ एवढंच तो दोनदा म्हणाला. आत्ती तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात उभी. मी जिन्यात. व्हॅन गंगावेशीकडे वळली तेव्हा गल्लीतल्या एका काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, ‘बरं केलंसा. आता येईल वळणावर.’

ही २०१८ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. साडेतीन महिन्यांनी दादा परत आला. डोकं भादरलेलं, वजन निम्मं, उजव्या कानानं ऐकू कमी. अकराव्या दिवशी तो पुन्हा प्यायला. त्या व्यसनमुक्ती केंद्राचं नाव मी इथं घेत नाही. तसली केंद्रं एकदोनच आहेत असा गैरसमज व्हायला नको, हेही एक कारण.

अधूनमधून पेपरात बातमी येते: व्यसनमुक्ती केंद्रात मारहाण, तरुणाचा मृत्यू, संचालकावर गुन्हा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ, दिल्ली आणि इथं शेजारी सांगलीजवळ कुपवाडमध्ये मेफेड्रोनचे साठे पकडले, तेव्हापासून तर आपल्याकडं काळजीच बसली आहे. (मेफेड्रोन म्हणजे ‘एमडी’ नावाची नशा. पूर्वी ‘एमडी’ म्हटलं की डॉक्टर आठवायचा.) चहाच्या गाड्यावर उपाय एकच ऐकू येतो, ‘धरून आत टाका सगळ्यांना.’ तर हे धरणं आणि आत टाकणं कायद्यात बसतं का, आणि त्यानं व्यसन सुटतं का, एवढंच इथं बघू.

ब्रेक न लागणारी ट्रॉली

ऊस भरलेला ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, उतार. ड्रायव्हर जागा आहे, त्याला वळण दिसतंय, पुढची मोटारसायकलही दिसतेय. तो ब्रेकवर पाय देतोय, पण ब्रेक धरत नाही आणि मागचं वजन ढकलतंय. बाजूला उभं राहून आपण ओरडतो, ‘अरे थांबव की!’

व्यसनात मेंदूचं साधारण असंच होतं. दारू, गांजा, हेरॉइन, मेफेड्रोन, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, पण सगळी मेंदूतल्या ‘हे पुन्हा हवं’ म्हणणाऱ्या यंत्रणेला हात घालतात. कपाळामागचा जो भाग ‘नको, उद्या कामावर जायचंय’ म्हणतो, तो हळूहळू झिजल्या ब्रेकसारखा होतो. माणसाला कळत नसतं असं नाही. दादा मला स्वतः म्हणाला होता, ‘ग्लास हातात घेताना मलाच माझी शिसारी येते.’ कळणं आणि थांबता येणं यांतलं अंतर म्हणजे व्यसन.

म्हणूनच डॉक्टर मंडळी याला मधुमेह-रक्तदाबाच्या रांगेत बसवतात. गोळ्या, सवयी, घरचं वातावरण, नियमित तपासणी, सगळं लागतं. उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडं वळणाऱ्यांचं प्रमाण ४० ते ६० टक्के सांगितलं जातं, आणि दम्याच्या किंवा बीपीच्या रुग्णांत पुन्हा उचल खाण्याचं प्रमाणही त्याच्याच आसपास आहे. फरक इतकाच की शुगर वाढली म्हणून कुणी बापाला रात्री व्हॅनमध्ये घालून नेत नाही.

ट्रॅक्टर सहा महिने शेडमध्ये कुलूप लावून ठेवला तर त्या सहा महिन्यांत अपघात होणार नाही हे खरंच. पण ब्रेक काढून बघितलाच नाही, तर सातव्या महिन्यात तोच उतार, तीच ट्रॉली.

एकदम बंद करणं म्हणजे काय

एक गोष्ट मात्र घरोघरी माहीत असायला हवी, कारण तिनं जीव जातो.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की शरीर बिथरतं. याला विड्रॉवल म्हणतात. पहिल्या दिवसात हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जण भ्रमात जातात. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं हाका मारतात, ताप चढतो, नाडी पळत सुटते. ही अवस्था वेळेवर उपचार न मिळाल्यास जीवघेणी ठरते. दवाखान्यात त्यासाठी झोपेच्या जातीची औषधं मोजून देतात आणि बी-१ जीवनसत्त्व टोचतात. खर्चिक काही नाही, पण डॉक्टर हवा, नर्स हवी, रात्री उठून नाडी बघणारं कुणीतरी हवं.

दादाला त्या केंद्रात तिसऱ्या रात्री त्याचे वारलेले वडील दिसायला लागले. तो ओरडला. ‘नाटक करतोय’ म्हणून त्याला बाथरूममध्ये कोंडून गार पाणी मारलं. कानाचं तेव्हाचंच. डॉक्टर तिथं आठवड्यातून एकदा यायचे, रविवारी, आणि त्या रात्री बुधवार होता.

हेरॉइनसारख्या अफूच्या जातीच्या नशेत उलटा धोका असतो. बंद असताना शरीराची सहन करायची ताकद कमी होते. बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापानं घेतो आणि श्वास थांबतो. म्हणजे सहा महिने आत ठेवलं, ‘स्वच्छ’ झाला, बाहेर सोडला आणि पहिल्याच आठवड्यात गेला, असं होऊ शकतं.

कायद्यानं आखलेली धोका पातळी

आपल्या देशात मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून तो अमलात आला. मानसिक आजाराच्या व्याख्येत त्यानं दारू आणि मादक पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही धरल्या आहेत. याचा अर्थ, मनोरुग्णालयातल्या रुग्णाला जे हक्क ते व्यसनमुक्ती केंद्रातल्या माणसालाही. आणि असं केंद्र चालवायला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. विनानोंदणी चालवलं तर पहिल्या वेळी ५ ते ५० हजार रुपये दंड आणि पुढच्या वेळी तो लाखांत जातो.

हा कायदा सक्तीला पूर्ण बंदी घालत नाही, हे आधी स्पष्ट करतो, कारण हक्कांबद्दल बोलणारे बरेच जण ते गाळतात. तो पातळी ठरवून देतो.

आपल्या माणसांना पातळीची भाषा शिकवायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पहाटे उठून आपण पहिल्यांदा हाच आकडा बघायचो. पाणी दारात आलंय आणि म्हातारा ‘म्हशी सोडून मी यायचो न्हाई’ म्हणून अडून बसलाय, तर त्याला उचलून बोटीत घातल्याबद्दल कुणी हरकत घेत नाही. पण तोच म्हातारा पाणी ओसरल्यावर ‘घरी जातो’ म्हणाला आणि छावणीवाल्यांनी त्याला कोंडून, पूररेषेत घर का बांधलंस म्हणून सहा महिने बडवला, तर? मग ती सुटका उरत नाही.

कायदा हेच सांगतो. रुग्णानं नुकताच स्वतःला इजा करायचा प्रयत्न केला असेल किंवा तशी धमकी दिली असेल. दुसऱ्यावर हात उगारला असेल किंवा तशी भीती निर्माण केली असेल. किंवा स्वतःची काळजी घेण्याइतकंही भान राहिलं नसल्यामुळं त्याच्या जिवाला धोका असेल, तर आणि तरच त्याच्या इच्छेशिवाय दाखल करता येतं. त्यालाही अटी आहेत. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, दोघांनी वेगवेगळं, दाखल करायच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत तपासलेलं हवं. यापेक्षा कमी बंधनाचा दुसरा उपाय शिल्लक नसावा. अर्ज करायचा तो रुग्णाच्या प्रतिनिधीनं. प्रतिनिधी म्हणजे रुग्णानं शुद्धीत असताना लेखी नेमलेला माणूस. कुणी नेमलेलं नसेल तर जवळचा नातेवाईक.

मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. दर सात दिवसांनी डॉक्टरनं बघायचं की आता याला स्वतःचा निर्णय घेता येतोय का. आणि दाखल केल्याची खबर सात दिवसांत (बाई किंवा अल्पवयीन मूल असेल तर तीन दिवसांत) मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यायची. हे मंडळ म्हणजे बाहेरून डोकावणारा डोळा. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचा, किंवा निवृत्त न्यायाधीश. तीस दिवसांच्या पुढं ठेवायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञांची नवी तपासणी आणि मंडळाची परवानगी. ‘एकतिसाव्या दिवशी सोडलं दाखवू, बत्तिसाव्या दिवशी नवा फॉर्म भरू’ ही पळवाटही बुजवलेली आहे. सात दिवसांच्या आत परत आणलं तर ते नवं दाखल होणं धरत नाहीत, आधीच्याचीच पुढची पायरी धरतात.

आता दादाची रात्र यावर घासून बघा. तपासणी कुणी केली नव्हती. मुदत ‘सुधारला की सोडू’. मंडळ वगैरे शब्द आत्तीनंच काय, मीही तेव्हा ऐकलेला नव्हता. आत्तीकडून एका छापील कागदावर सही घेतली होती, ‘उपचारादरम्यान काही बरंवाईट झाल्यास संस्था जबाबदार नाही’. त्या सहीला कायद्यात काडीची किंमत नाही. सज्ञान माणसाला कोंडायची परवानगी आई देऊ शकत नाही, बायको देऊ शकत नाही. त्याला अन्यायानं बंदिस्त करणं म्हणतात आणि तो भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे.

आत गेल्यावरही माणूसच

कायदा लिहिणाऱ्यांनी आतल्या जगाचा अभ्यास केलेला होता हे एका बारीक तरतुदीवरून कळतं. रुग्णाचं सक्तीनं मुंडण करायचं नाही, हे त्यांनी चक्क शब्दांत लिहून ठेवलं आहे. तसंच, त्याला स्वतःचे कपडे घालू द्यायचे. काम सक्तीनं करून घ्यायचं नाही, आणि त्यानं केलंच तर मोबदला द्यायचा. फोन करायला आणि भेटायला येणाऱ्यांना भेटायला मिळालं पाहिजे. साखळीनं बांधायचं नाही, कुठल्याही प्रकारे नाही. एकट्याला कोंडून ठेवायचं नाही.

साखळीच्या मागं एक आठवण आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडी इथल्या एका आश्रमात पहाटे आग लागली. बाकीचे पळाले. जे खांबांना बांधलेले होते ते पळू शकले नाहीत. २८ जण गेले.

केंद्रवाले म्हणतात, शिस्तीशिवाय जमत नाही. पहाटे उठवायला लागतं, झाडलोट करायला लावायला लागते. शिस्तीला कुणाचीच ना नाही. आपल्या तालमीतही पोरगं पहाटे चारला उठून जोर मारतं आणि वस्ताद पाठीत रट्टाही घालतो. पण तालमीचं दार आतून उघडतं.

कोंडून खरंच सुटतं का?

समजा हक्क बाजूला ठेवले. सुटत असेल व्यसन, तर चार महिने त्रास झाला तर झाला, असंही म्हणणारे आहेत, आणि त्यांची पोटतिडीक मला समजते. म्हणून आकडे बघायला हवेत.

आशियातल्या बऱ्याच देशांनी हा प्रयोग सरकारी पातळीवर, भल्या मोठ्या प्रमाणात करून बघितलाय. चीनमध्ये २००८ च्या कायद्यानं दोन वर्षं सक्तीनं ठेवता येतं, वर एक वर्ष वाढवताही येतं. मलेशियात सक्तीची केंद्रं होती आणि २०१० पासून त्यांनी काही ठिकाणी स्वेच्छेची केंद्रंही काढली. त्यामुळं तुलना करता आली. २०१७ मध्ये लॅन्सेटच्या जागतिक आरोग्यविषयक नियतकालिकात ती छापून आली. सक्तीच्या केंद्रातून सुटलेले लोक साधारण ३१ दिवसांत पुन्हा अफूजन्य नशेकडं वळले. स्वतःहून येऊन मेथाडोन हे अफूची तलफ आवरणारं औषध घेणाऱ्यांत हाच काळ ३५२ दिवस होता. महिना आणि वर्ष, इतका फरक. दोन्हीकडची माणसं अगदी सारखी नसणार, जो स्वतः येतो त्याची तयारी थोडी जास्त असते, हे मान्य. तरी अकरा पटीचा फरक नुसत्या तयारीवर ढकलता येत नाही.

२०१६ साली संशोधकांनी सक्तीच्या उपचारावरचे नऊ अभ्यास एकत्र ठेवून पाहिले. एकूणात फायद्याचा ठोस पुरावा सापडला नाही, काही अभ्यासांत तोटाच दिसला. त्याच्याही आधी, मार्च २०१२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या १२ संस्थांनी एकत्र निवेदन काढून अशी सक्तीची केंद्रं बंद करा असं सांगितलं होतं. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात पुन्हा तेच सांगावं लागलं.

कोरोनावरून आठवलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि दारूची दुकानं बंद झाली. सगळ्या राज्यातल्या पिणाऱ्यांना एकाच वेळी, फुकटात, सहा आठवडे सक्तीनं बंद. मग मे महिन्यात दुकानं उघडली. त्या रांगा आठवतात ना?

‘मग बायकोनं मार खात बसायचं का?’

हा प्रश्न आत्तीनंच मला विचारला होता, आणि तो सगळ्यांत खरा प्रश्न आहे. हक्कांवर लिहिणारे लोक हा प्रश्न दोन ओळींत उरकतात म्हणून बायका त्यांचं ऐकत नाहीत.

मार खात बसायचं नाही. हात उगारणं हे वर सांगितलेल्या धोका पातळीतच येतं, म्हणजे तिथं दाखल करायचा मार्ग खुला आहे. फक्त तो डॉक्टरच्या दारातून जातो. शिवाय २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा आहे. त्यात मॅजिस्ट्रेट नवऱ्यालाच घराबाहेर राहायचा आदेश देऊ शकतात. व्यसन हा आजार आहे म्हणून मारहाण माफ होत नाही. आजाराला उपचार आणि मारहाणीला कायदा, दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. आपल्याकडं उलटं चालतं. मारहाणीची तक्रार करायला बाई लाजते, आणि व्हॅन बोलवायला मात्र बोरमाळ गहाण ठेवते. आत्तीनं ठेवली होती.

पोलिसांनाही यात काम दिलेलं आहे. रस्त्यावर कुणी अशा अवस्थेत सापडला की स्वतःची काळजी घेता येत नाही किंवा दुसऱ्याला धोका आहे, तर त्यांनी त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. मॅजिस्ट्रेट तपासणीसाठी दवाखान्यात ठेवायचा आदेश देऊ शकतात, तोही दहा दिवसांपर्यंतच.

‘तो स्वतःहून कधीच यायचा न्हाई’

येतात. लगेच येत नाहीत, पण येतात, आणि घरचे कसं वागतात यावर ते बरंच अवलंबून असतं.

१९९९ मध्ये अमेरिकेत झालेला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. उपचाराला ठाम नकार देणाऱ्या दारुड्यांच्या घरच्यांनाच प्रशिक्षण दिलं. माणूस शुद्धीत असेल तेव्हा त्याच्याशी बरं बोलायचं, एकत्र जेवायचं. प्यायलेला असेल तेव्हा वाद घालायचा नाही, पण त्याची उलटी पुसायची नाही, मालकाला खोटा निरोप द्यायचा नाही, उधारी फेडायची नाही. आणि तो स्वतः खचून ‘बास झालं आता’ म्हणेल त्या क्षणाला डॉक्टरची वेळ तयार ठेवायची. यातले ६४ टक्के उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीत ३० टक्केच आले.

आपल्याकडं याचं जुनं रूप आहेच. ‘त्यानं माळ घातली’ या तीन शब्दांत अख्खं गाव समजून जातं. पंढरीची वारी धरली, तुळशीची माळ गळ्यात आली, दारू-मटण सुटलं. सगळ्यांचं टिकतं असं नाही. पण माळ घालायला कुणी व्हॅन घेऊन येत नाही, आणि घातल्यावर भोवती भजनी मंडळ असतं, वारीची तारीख असते, विचारणारी माणसं असतात. १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. महाराष्ट्रात या कामाचं नाव झालं ते अशा कामामुळं, कुलपामुळं नव्हे.

खरी अडचण वेगळीच आहे. केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ ला आलेल्या पाहणीनुसार देशात १६ कोटी लोक दारू पितात, त्यातल्या ५.७ कोटींना मदतीची गरज आहे. आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. ‘तो यायला तयार नाही’ म्हणण्याआधी, आला असता तर बसवला कुठं असता, हेही विचारायला पाहिजे. कोल्हापूरला सरकारी मनोरुग्णालय नाही, सगळ्यांत जवळचं रत्नागिरीला, घाट उतरून. ही जी पोकळी आहे, तिच्यातच व्हॅनवाले धंदा करतात.

‘पण गांजा-ड्रग्ज घेणारा तर गुन्हेगारच ना?’

अर्धं खरं. मादक पदार्थांचा १९८५ चा कायदा सेवनालाही शिक्षा सांगतो. हेरॉइन, कोकेनसारख्यांना एक वर्षापर्यंत कैद, बाकीच्यांना सहा महिन्यांपर्यंत, किंवा दंड. पण त्याच कायद्यात ‘अल्प प्रमाणा’त पदार्थ सापडलेल्या व्यसनी माणसासाठी दोन खिडक्या आहेत. अल्प म्हणजे गांजा १ किलोपर्यंत, हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत. तो स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर खटल्यातून सूट मिळू शकते, उपचार अर्धवट सोडला तर ती जातेही. आणि दोषी ठरल्यावरसुद्धा न्यायालय त्याला शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकतं, त्याच्या संमतीनं. इतका कडक कायदा, ज्यात मोठ्या साठ्याच्या गुन्ह्यात जामीन मिळता मिळत नाही, तोसुद्धा उपचाराच्या बाबतीत आधी ‘तुझी तयारी आहे का’ विचारतो.

मुलगा अठराच्या आतला असेल तर आई-बापाचा अधिकार जास्त, पण तिथंही घरचं किंवा घरच्यांनी नेमलेलं एक माणूस पूर्ण वेळ सोबत राहिलं पाहिजे आणि त्याला मोठ्यांपासून वेगळं ठेवलं पाहिजे. पोराला गेटवर सोडून निघून यायचं नाही.

आज घरात हा प्रश्न असेल तर

१४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४४६ व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन. दोन्ही मोफत. घरच्यांनी फोन केला तरी चालतो, ‘पेशंट’च बोलला पाहिजे असं नाही. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून घरचं माणूस एकटं गेलं तरी सल्ला मिळतो.

खासगी केंद्र बघायला जाल तेव्हा फी विचारायच्या आधी नोंदणीचा कागद मागा. रात्री डॉक्टर असतो का, पहिल्या चार दिवसांत काय औषधं देता, हे विचारा. आणि आतल्या एखाद्या माणसाशी, केंद्रवाला बाजूला उभा नसताना, पाच मिनिटं बोलू द्या म्हणा. ‘पहिला महिना भेट नाही, फोन नाही’ असं उत्तर आलं की चपला घाला.

आणि कुणी आत अडकलंच असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं, नंबर १५१००. बेकायदा कोंडलेल्या माणसाला ‘समोर आणून उभा करा’ असा आदेश उच्च न्यायालय देऊ शकतं, त्याला हेबिअस कॉर्पस म्हणतात. पूर्वी त्यासाठी रात्रीची गाडी धरून मुंबई गाठायला लागायची. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं.

दादाचं पुढं काय झालं विचाराल. त्या केंद्रानंतर दोन वर्षं तो प्यायलाच, आधीपेक्षा जास्त, आणि आत्तीशी बोलणं बंद. मग एकदा लेथवर बोटाचं पेर गेलं. टाके घालून घेता घेता त्यानं ताईला, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीला, विचारलं, ‘ते मारत न्हाईत असं एखादं असतंय का गं?’ ताईकडं ओपीडीचे वार लिहिलेला कागद महिनाभर पर्समध्ये होता. तीन वेळा सुटली, दोन वेळा पुन्हा लागली. आत्ता सव्वा वर्ष झालंय.

या कायद्यात एक सोय आहे. सज्ञान माणूस शुद्धीत असताना आधीच लिहून ठेवू शकतो, की उद्या मला माझं कळेनासं झालं तर मला कसा उपचार द्यायचा आणि कसा द्यायचा नाही. आत्तीच्या कपाटात रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत तसा एक कागद आहे. दादाच्या वळणदार, जरा थरथरत्या अक्षरात. प्रतिनिधी म्हणून ताईचं नाव. खाली, ‘गरज पडली तर दवाखान्यात घाला, माझी ना नाही. डॉक्टर असलेल्याच ठिकाणी. दिवसा न्या. केस कापायचे नाहीत.’